आपल्यात चालतं का?

माझ्या जावयाच्या घरी पेसाखमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या बिनखमिराच्या सणात, भात शिजत नाही. मुलगा चांगला, माणसं चांगली, इस्राएलमधल्या अश्दोदचं घर समुद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ. सोयरीक जुळताना बाकी सगळी चौकशी झाली होती. भाताचं विचारायचं कोणाला सुचणार? घराणं मूळचं पोलंडचं, म्हणजे अश्केनाझी, युरोपातल्या ज्यूंपैकी. सणाचे सगळे दिवस त्यांना तांदूळ, डाळी, वाटाणे, मका, काही म्हणजे काही चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पेसाखच्या तोंडावर लेकीचा ठाण्याला फोन आला.

“आई, आपल्यात भात चालतो ना गं?”

“चालतो की. इतकी वर्षं काय खाल्लंस मग?”

“मग ह्यांच्यात का नाही?”

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आमच्या मूळ धर्मग्रंथाने, तोराने, मनाई केली आहे ती फुगलेल्या, खमीर धरलेल्या धान्याला. हा नियम पाच धान्यांपुरता: गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट नावाची गव्हाची एक जुनी जात. ह्यांच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलं तर मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची पोळी, नुसतं पडून राहिलं तर हामेत्स, म्हणजे मना. तांदूळ त्या पाचांत नाही. तालमूद हा नियमांच्या चर्चेचा ग्रंथ, त्याच्या काळात योहानान बेन नूरी नावाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तांदळालाही खमीर धरतं असं म्हटलं होतं, पण बाकीच्यांनी त्यांचं ऐकलं नाही. युरोपातल्या ज्यूंनी मध्ययुगात तांदूळ-डाळींवर स्वतःहून बंदी घालून घेतली ती दुसऱ्याच धास्तीने. एकाच कोठारात, एकाच पोत्यात गव्हाचे चार दाणे मिसळले तर? पीठ दळल्यावर कोणतं कशाचं हे कोण ओळखणार? ह्या सगळ्या तांदूळ-डाळींना ते कित्नियोत म्हणतात.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सात दिवस खायचं काय?”

“बटाटे,” मी म्हटलं. “आणि आपल्याकडे पेसाख आठ दिवसांचा असतो, तिकडे सात. एक दिवस वाचला म्हणून आभार मान.”

लग्न झालेली बाई साधारणपणे नवऱ्याच्या घरची रीत धरते, तशी तिनेही धरली. कित्नियोत म्हणजे हामेत्स नव्हे, ते घरात असायला हरकत नसते, दुसऱ्यासाठी शिजवताही येतात. त्यामुळे मी तिकडे गेले की माझ्यापुरता भात होतो. तांदूळ तीनदा निवडून घ्यायचे, त्यात गव्हाचा दाणा नाही ना ते बघायचं, मग शिजवायचे. विहीणबाई शेजारी उभ्या राहून कौतुकाने बघतात. खात नाहीत.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘चालतं का?’ हा प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले, पण भाताबद्दल तो मला कधी कोणी विचारला नव्हता. कोकणात बसून भाताला ‘चालतो का’ म्हणणार कोण? नियम एकच, ग्रंथ एकच, पण माणूस जिथे राहतो तिथली माती त्याला आपापला प्रश्न घालते. आमच्या मातीचा प्रश्न मासळीचा होता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पेण, अलिबाग, रोहे ह्या पट्ट्यातले. आडनावाला ‘कर’, घरात मराठी. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. पोथ्या समुद्राने घेतल्या. पुढे गावोगाव तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली. राहिलं ते थोडकं: शेमा ह्या प्रार्थनेचे शब्द, आठव्या दिवसाची सुंता, शनिवार, आणि ताटात काय येऊ द्यायचं नाही ते.

मग दावीद राहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले. त्यांना शंका आली की हे लोक ज्यू असावेत. परीक्षा कशी घेतली? बायकांपुढे मिसळ मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे एकीकडे काढले, बिनखवल्यांचे दुसरीकडे. राहाबींची खात्री पटली. ते नेमके कोणत्या शतकात आले ह्यावर अभ्यासक भांडतात, त्यांना भांडू दे. मला कथेतलं एवढंच पुरतं की पुरुषांना प्रार्थना म्हणून दाखवा असं कोणी म्हटलं नाही, बायकांना मासे निवडायला लावले. पुढे राहाबींनी तिघांना हिब्रू शिकवून काजी केलं, त्यांची झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही घराणी सगळ्यांना पाठ आहेत. पाटीपुढे बसलेल्या बायकांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत.

ती परीक्षा मी अजून दर आठवड्याला देते. तोरातल्या लेवीय ग्रंथाचा नियम एका ओळीचा आहे: पाण्यातल्या ज्या जीवाला पर आणि खवलं दोन्ही असतील तो खा, बाकीचे नाहीत. म्हणजे कोळंबी गेली, खेकडा गेला, तिसऱ्या, कालवं, माकूळ, मोरी, पाकट, शिंगाळा, सगळं गेलं. मालवणी माणसाला ही यादी वाचून दाखवली तर तो म्हणेल, मग समुद्राकाठी राहता कशाला? पण बांगडा आहे, रावस आहे, सुरमई, पापलेट, हलवा आहे. माणूस उपाशी मरत नाही.

एक ओळ असली तरी बाजारात ती सोपी नसते. पापलेट हातात घेऊन बघा, अंग चांदीच्या पत्र्यासारखं गुळगुळीत. खवलं कुठे आहेत? असतात, पण इतकी बारीक आणि इतकी सैल की जाळ्यात, बर्फात, टोपलीत घासून निम्मी गळालेली असतात. ह्याचा विचार तालमूदने करून ठेवला आहे: पाण्याबाहेर काढताना ज्याची खवलं गळून पडतात तो मासा चालतो, आणि ज्याला लहानपणी नसून पुढे येतात तोही चालतो. दुसरी एक युक्ती तिथेच सांगितली आहे. खवलं असलेल्या प्रत्येक माशाला पर असतातच. उलट मात्र खरं नाही. म्हणून तुकडी विकत घेताना पर दिसले नाहीत तरी कातडीवर खवलं दिसली की काम झालं. खवल्याचीही एक अट आहे, ते नखाने काढलं तर कातडी न फाटता सुटलं पाहिजे. हे सगळं मला पुस्तकातून फार उशिरा कळलं. आई पापलेटच्या शेपटीजवळ अंगठ्याचं नख उलटं फिरवायची आणि पिशवी पुढे करायची. तिला तालमूद हा शब्दही नीट उच्चारता आला नसता.

बोंबलाचा मात्र निकाल आमच्या घरात कधी लागला नाही. त्याचं पुढचं अंग लिबलिबीत, खवलं असतात ती मागच्या अंगाला. वडील म्हणायचे चालायला हवा, आई म्हणायची हवा-बिवा काही नाही, मी आणत नाही. तेव्हा तो आला नाही. घरातला कायदा शेवटी पिशवी ज्याच्या हातात त्याचा.

कोळीणही कायदा जाणून असायची. आई बाजारात शिरली की ती ओरडायची, “ये गो बाय, शनवारवाली! तुला कोलबी नाय चालत, म्हायती हाय. ह्यो रावस घे.” आईला एका अर्थी ह्या कोळणीचंच प्रमाणपत्र होतं. आता मी परदेशी डब्यांवरचे ‘कोशेर’चे, म्हणजे शास्त्राला चालत असल्याचे, छोटे छोटे शिक्के भिंगाने शोधते, आणि दर वेळी मला वाटतं की त्या आरोळीत जास्त खात्री होती.

मटणाचं काम माशासारखं बाजारात उरकत नाही. बकरा खुर दुभंगलेला आणि रवंथ करणारा, म्हणजे जातीने चालतो. पण तो हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, किंवा कापण्याचं शास्त्र शिकलेल्या शोहेतने, एकही खाच नसलेल्या सुरीने, एका लयीत कापलेला हवा. मांडीतली एक शीर, याकोब देवदूताशी झुंजला तेव्हा दुखावलेली, ती काढल्याशिवाय मागचा भाग खायचा नाही. रक्त तर मुळीच नाही. म्हणून मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मिठात, तेही उताराच्या फळीवर, म्हणजे रक्त वाहून जाईल, आणि मग तीनदा धुवायचं. कलेजीला मीठ पुरत नाही, ती उघड्या विस्तवावर भाजावी लागते. माझ्या लहानपणी मिठाच्या त्या तासात स्वयंपाकघरात जायची मुभा नव्हती, कारण आम्ही फळीला धक्का मारायचो. मटण मिळेल तेव्हाच व्हायचं. न मिळालेल्या आठवड्यांत आम्ही शाकाहारी असायचो आणि त्याचं दुःख कोणी करायचं नाही. गाईचं मांस शास्त्राने चालत असूनही आमच्यात बहुतेक घरांनी ते कधी आणलं नाही. शेजारी कोण आहेत हे ठाऊक होतं.

आणि मग नारळ. कोशेर स्वयंपाकातला सगळ्यात अवघड नियम कोणता म्हणाल तर मांस आणि दूध एकत्र नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ असं तोरात तीनदा आलं आहे, आणि त्या एका वाक्यातून वेगळी भांडी, वेगळे चमचे, वेगळे फडके, काही घरांत वेगळी मोरीसुद्धा, असा सगळा प्रपंच निघाला. हैदराबादेत किंवा लखनौला जन्मलो असतो तर दह्यात मुरवलेलं मटण बघून जीव तडफडला असता. कोकणात कसली तडफड? मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध घालतात, सगळ्या गावात घालतात, आम्हीही घातलं. शास्त्राच्या दृष्टीने ते ना दूध ना मांस, पार्वे. सणाला गोड हवं तर गव्हाच्या चिकाचा हलवा, गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक नारळाच्या दुधात साखर घालून तासन्‌तास ढवळायचा. रोश हशानाला तो नसेल तर नवं वर्ष लागलं असं आमच्यात कोणी मानत नाही. मटणाच्या जेवणावर तो बिनधास्त खाता येतो. खरवस, बासुंदी हे ज्याला खायचंय त्याने मटण सोडावं. जेली बनवायची तर चायना ग्रासची. जिलेटिन कोणत्या जनावराच्या हाडांचं असेल कोण जाणे.

ह्यावर एक गंमत वाचली होती. १६व्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लिस ह्यांच्यापुढे बदामाच्या दुधात मांस शिजवण्याचा प्रश्न आला. त्यांनी सांगितलं, चालतं, पण पानात शेजारी बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला संशय यायला नको की हा खरं दूध घालून खातोय. त्या हिशेबाने आम्ही मटणाच्या पातेल्याशेजारी नारळाची वाटी मांडून ठेवायला हवी. अलिबागेत ती मांडली असती तर बघणाऱ्याने विचारलं असतं, खवायची राहिली का?

नारळाने सगळे प्रश्न सोडवले असं नाही. चहा सोडवता आला नाही. मटण खाल्ल्यावर दुधासाठी थांबायचं किती, तर बहुतेक ठिकाणी सहा तास. जर्मनीच्या ज्यूंची रीत तीन तासांची, हॉलंडच्यांची एकाच तासाची. रविवारी दुपारी एकला जेवण झालं की चारला महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या घशाला चहाची आठवण होते, तशी आमच्याही. वडील घड्याळाकडे बघत म्हणायचे, “आपलं गलबत हॉलंडला फुटलं असतं तर काय बिघडलं असतं?” आई लिंबू पिळलेला कोरा चहा पुढे ठेवायची. तो त्यांना आवडायचा नाही आणि ते तो कधी टाकायचे नाहीत.

गावातून ठाण्याच्या चाळीत आल्यावर प्रश्न दारात आला, वाटीत झाकून.

गणपतीत शेजारच्या काकूंकडून मोदक यायचे. तांदळाची उकड, नारळ, गूळ, तूप. घर शाकाहारी, भांड्यांनी जन्मात मांस पाहिलेलं नाही. घटक बघितले तर ह्याहून कोशेर पदार्थ ठाण्यात मिळाला नसता. पण मूर्तीपुढे दाखवलेला नैवेद्य शास्त्राला चालत नाही, खायचा नाही इतकंच नव्हे तर त्यापासून कुठला फायदाही करून घ्यायचा नाही. आता शेजारीण दारात उभी आहे, तिच्या हातात वाटी आहे, आणि ती जे देते आहे तिला प्रसाद म्हणतात. नाही म्हणायचं तरी कसं, आणि हो म्हणायचं तरी कसं?

काही घरांत वाटी घ्यायचे, नमस्कार करायचे आणि वाटी मोलकरणीला जायची. काही घरांत सरळ खायचे. आमच्या आईने दोन्ही केलं नाही. ती काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि तिने सांगितलं, आमच्यात असं असं आहे. काकूंनी विचारलं, “म्हणजे बाप्पाला दाखवायच्या आधीचा चालेल?” आई म्हणाली, चालेल. त्या वर्षापासून पहिल्या घाण्यातले मोदक आमच्यासाठी बाजूला निघायचे. काकूंच्या सासूबाईंना ते पटायचं नाही, देवाच्या आधी माणसाला काढून ठेवायचं म्हणजे काय! त्यांच्या घरी त्यांचंही शास्त्र होतंच की, उष्टं-खरकटं, सोवळं-ओवळं. दोन शास्त्रांची गाठ पडली की कोणीतरी वाकावं लागतं. इथे काकू वाकल्या, आणि आम्ही वर्षानुवर्षं ते मोदक खाल्ले. दिवाळीचा फराळ मात्र डबेच्या डबे यायचा, त्याला कुणाची हरकत नव्हती.

लोक हल्ली मला विचारतात, तुम्हाला भारतात राहणं सोपं पडत असेल ना, पाकिटावर हिरवा ठिपका असतो. पुष्कळ सोपं पडतं, खोटं कशाला बोलू. हिरव्या ठिपक्याच्या बिस्किटात चरबी नाही, अंडंसुद्धा नाही, एवढी खात्री जगातल्या किती देशांत मिळते? पण ठिपका शाकाहाऱ्यांसाठी आहे, तो आमच्या सगळ्या प्रश्नांना पुरत नाही. चीझ शाकाहारी असलं तरी ते कोणाच्या देखरेखीखाली जमवलं ह्यावर कडक घरं अडतात. द्राक्षाच्या दारूचं तर विचारूच नका, ती ज्यूंच्या हातूनच बनलेली लागते. आमच्या आजोळी शुक्रवारच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, बाटली नसायचीच. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, की झालं सरबत. ‘द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा’ हा आशीर्वाद मनुकांच्या सरबतालाही लागू पडतो. हल्ली इस्राएलहून आलेल्या खऱ्या बाटल्या मिळतात. मला सरबतच बरं वाटतं. बाटलीतली दारू मुलांना देताना हात आखडतो.

ठिपका पाकिटावर असतो, विस्तवावर नाही. ज्यू नसलेल्या माणसाने एकट्याने शिजवलेलं अन्न खाऊ नये असा एक जुना नियम आहे. अश्केनाझींच्या मते विस्तव पेटवण्यात ज्यूचा हात लागला की पुरे. सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेनकडचे ज्यू, म्हणतात, भांडंही त्यानेच चढवावं. माझ्याकडे स्वयंपाकाला बाई येतात. भाज्या त्या चिरतात, कणीक त्या मळतात, फोडणी त्यांचीच, माझ्याहून चांगली. गॅस मी पेटवते आणि कढई मी चढवते. सुरुवातीला त्यांना वाटलं, ह्या घरात लायटर चोरीला जातात की काय. मग एकदा म्हणाल्या, “ताई, पगार पूर्ण घेते आणि काम अर्धंच करते बघा.” आता मी फोनवर बोलत असले तर त्या ओट्याजवळ उभ्या राहून हाक मारतात, “या, तुमचं काम करून जा.”

शनिवारचा विस्तव वेगळाच. तो पेटवायचाच नसतो. वडिलांच्या कचेरीला शनिवारची सुट्टी नव्हती आणि ते जात होते, हे मी लपवणार नाही. आमच्या पिढीत अशी घरं पुष्कळ. पण घरात आईचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आईच्या हद्दीपुरता पक्का होता. शुक्रवारी दिवे लागले की शिवण बंद, शेगडी बंद, आणि निवडणं बंद. हे शेवटचं पाहुण्यांना कळायचं नाही. शब्बाथला मना असलेल्या ३९ कामांपैकी एक म्हणजे चांगल्यातून वाईट वेगळं करणं. तांदळातले खडे काढायचे नाहीत. खाण्यासाठी हवं ते हाताने उचलून लगेच खायला मुभा आहे. नको ते वेचून टाकायला नाही. मग काटेरी मासा कसा खायचा? काट्याला धरून मांस ओढायचं नाही, मांसाला धरून काट्यापासून सोडवायचं, घासाघासाला, खाता खाता. बांगड्याला हे जमतं. पोलंडच्या ज्यूंना नदीतल्या काटेरी माशांशी ते जमेना, म्हणून त्यांनी शुक्रवारीच काटे काढून, मासा खिमून, गोळे उकडून ठेवायला सुरुवात केली असं सांगतात. हाच तो गेफिल्टे फिश. विहीणबाईंनी मला तो पहिल्यांदा वाढला तेव्हा वर गाजराची चकती होती आणि आत साखर. माशात साखर. मी म्हटलं, फार छान. लेक खाली बघून हसत होती. त्या पदार्थामागचं शास्त्र मला पूर्ण पटलं आहे, आणि पुन्हा वाढला तरी मी तो आदराने खाईन. तिखट मात्र पर्समध्ये घेऊन जाईन.

पेसाखची साफसफाई आमच्याकडे दिवाळीसारखी. भिंतींना रंग, आणि पूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवी कल्हई. मातीच्या भांड्याने एकदा चव प्यायली की ती निघत नाही, त्यामुळे ते फोडा आणि धातूचं घासून पाण्याने धुऊन घ्या, हे लेवीय ग्रंथातच आहे, म्हणून कल्हईवाला गल्लीत ओरडला की आई सगळ्यात आधी धावायची. मात्झा बायका एकत्र बसून लाटायच्या. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, छापला गेला, त्यातल्या चित्रात मात्झा करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. अगदी आमच्या ओसरीवरच्या वाटतात. त्या दिवसांत तांदळाची भाकरी चालते, आमटी चालते, आणि सगळा डाव बिघडवतो तो हिंग. खडा हिंग वेगळा, पण रोजच्या डबीतला हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच. चिमूटभर हिंगात गहू म्हणजे हामेत्स. आठ दिवस आमटीला लसणाची फोडणी. पोलंडच्या पोत्यात गव्हाचा दाणा मिसळण्याची ती जी धास्ती होती, ती आमच्याकडे हिंगाच्या डबीत खरी निघाली, हे मी जावयाला सांगितलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने ते त्याच्या रब्बींना जाऊन सांगितलं.

एकदा असंही झालं होतं की ‘चालतं का?’ हा प्रश्न माशाबद्दल नव्हता, भाताबद्दल नव्हता, आमच्याबद्दल होता. कोकणातून, मुंबईतून हजारो माणसं इस्राएलला गेली, दिमोना, लोद, बेर शेवा, अश्दोद. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींकडून सूचना निघाली की बेने इस्राएलांचं लग्न बाकीच्या ज्यूंशी लावताना त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. इतकी शतकं रब्बींवाचून राहिलेले लोक. ह्यांचे घटस्फोट, ह्यांची विधवांची लग्नं शास्त्राप्रमाणे झाली होती कशावरून? लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं. १९६४ साली क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. आमच्या घरात त्या वर्षांचा विषय निघाला की आजी एवढंच म्हणायची, “मासे निवडून दाखवले होते ना एकदा?” मी रब्बींची बाजूही समजू शकते, कायदा सांभाळणाऱ्याला शंका घ्यावीच लागते. पण समजू शकते आणि विसरू शकते ह्यांत फरक आहे. आज माझ्या लेकीच्या लग्नाला कोणी काही विचारलं नाही, तांदळावर भागलं.

तिच्या लग्नाआधी ठाण्यात आम्ही मालिदा केला. नवस फिटला, मूल झालं, घर घेतलं, लग्न ठरलं, की आमच्यात एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषितांच्या नावाचा, मालिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एक खडक आहे, त्यावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात, तिथे जाऊन करतात, नाहीतर घरी. पोहे भिजवायचे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, परातीत ढीग लावायचा आणि भोवती पाच तऱ्हेची फळं. मग प्रत्येकाचा आशीर्वाद म्हणायचा, आणि इथे खरी मजा येते, कारण क्रम आहे. खजुराचा मान मोठा, तो तोरातल्या सात पिकांतला. सफरचंद झाडाचं फळ. केळं मात्र झाडाचं फळ नाही, कारण केळीला खोड नाही, ती दर वेळी जमिनीतून नव्याने येते. म्हणून केळ्याला जमिनीच्या फळाचा आशीर्वाद, बटाट्याचा, काकडीचा जो तोच.

आणि पोहे? शिजवलेल्या भाताला वेगळा आशीर्वाद आहे, पोषण करणाऱ्या अन्नाचा. पण पोहे शिजवलेले म्हणायचे का? भात भिजवतात, भाजतात, कांडतात. घरात आपण नुसतं पाणी लावतो. ह्यावर आमचे हजान आणि माझा भाऊ परातीच्या दोन बाजूंना उभं राहून वाद घालू लागले. भाऊ म्हणे, गिरणीत उष्णता लागली ती शिजवल्यासारखीच. हजान म्हणे, उष्णता लागणं आणि शिजणं एक नव्हे, चणेही भाजतात. जावयाचे आईवडील पाहुणे म्हणून आलेले, त्यांना हे इंग्रजीत समजावणारा तिसराच तिसरं काहीतरी सांगत होता. मुलं परातीकडे सरकत होती.

शेजारच्या काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे. त्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. वाद जरा थांबला तेव्हा म्हणाल्या, “तुमचं चालू दे निवांत. आज माझी एकादशी, पोहे मला चालतच नाहीत. तेवढं ते केळं द्या इकडे.”